आयडलवर अडणारं स्टिअरिंग: अण्णांच्या १२१० ट्रकचा पंप आणि पुली

जुलैतल्या एका सकाळी अण्णांनी ट्रक वर्कशॉपच्या फाटकात आणून उभा केला आणि खाली न उतरता खिडकीतूनच म्हणाले, "वर ये. तूच फिरवून बघ, मी काही सांगत नाही."

इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता सगळ्यात सावकाश, चालू होतं. स्टिअरिंग सावकाश डावीकडे नेलं तर सहज गेलं. जरा चपळाईनं फिरवलं तेव्हा मात्र अर्ध्या फेऱ्यातच हाताला अडलं. खालून कुणी दांडा पकडून धरावा तसं. हात सैल करून पुन्हा लावला की मोकळं, परत झटका दिला की परत अडलं. ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम हजारापर्यंत नेले तेव्हा अडणं कमी झालं, पण पुढून पट्ट्याची चिरचिर सुरू झाली.

पॉवर स्टिअरिंग बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. यात इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्यानं फिरणारा पंप स्टिअरिंगच्या बॉक्समध्ये दाबानं तेल ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं. काम दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झालं होतं. नंतरच्या काळातल्या एका १६१३ ट्रकचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स, कुठल्याशा कारचा पंप, त्या पंपावर आलेलीच पुली आणि क्रँकच्या मूळ पुलीपुढे चार बोल्टांनी जोडलेली एक जादा पुली, अशी ती जुळणी होती. तक्रार केल्यावर तिथं पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी प्रेशरचा होजपाइप फाटला. गरम तेल एक्झॉस्टवर पडून धूर झाला. आग लागली नाही, हे नशीब. मग वॉशर काढला, पाइप बदलला, आणि अण्णा माझ्याकडे आले.

अण्णा ६९ वर्षांचे आहेत. तरुणपणी इंदूर-मुंबई फेऱ्या त्यांनी स्वतः केल्या आहेत. मानपूरचा घाट त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ आहे. धंदा आटोपता घेतला तेव्हा सगळ्या गाड्या विकल्या, ही एक ठेवली. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जड ओढाओढीला बंदी केली. तरीही ट्रक स्वतः चालवायचा म्हणून पॉवर स्टिअरिंग, आणि तेही एका रात्रीसाठी. अनंत चतुर्दशीच्या.

इंदूरबाहेरच्या वाचकांना त्या रात्रीबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी गणपती विसर्जनाच्या रात्री झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, काढण्याची प्रथा रुजवली. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, तरी झांक्या निघतातच. चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, पुढे कृष्णपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार आणि राजवाडा. संध्याकाळी निघालेली मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. माणसाच्या चालीपेक्षा कमी वेग, दर शंभर पावलांना थांबा, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. अण्णांच्या गल्लीतल्या मंडळाची झांकी याच ट्रकवर असते.

म्हणजे हे स्टिअरिंग जिथं खरोखर लागणार, तिथं इंजिन सगळ्यात सावकाश फिरत असतं, गाडी जवळपास उभी असते आणि वळणं सगळ्यात अरुंद असतात. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो. हायवेवर ८० च्या वेगानं जाताना कुठलाही पंप चांगलाच वाटतो.

ट्रक १९७८ चा, पुढे नाक असलेला सेमी फॉरवर्ड १२१०. आकड्यातले १२ म्हणजे मालासह साधारण १२ टन वजन आणि १० म्हणजे साधारण शंभर घोड्यांची ताकद. इंजिन ६९२. नावातच माप आहे: ६ सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, स्ट्रोक १२० मिलिमीटर, म्हणजे ४,७८८ सीसी. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा १९५४ चा करार १९६९ मध्ये संपला, बॉनेटवरचा तारा जाऊन 'टी' आला, पण इंजिनाचा पिंड जर्मनच राहिला. अण्णांच्या इंजिनाचं आयडल ५५० आरपीएम आहे आणि गव्हर्नर २,८०० च्या आसपास फेरे रोखतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुली निवडणं म्हणजे या दोन टोकांमध्ये पंपाला बसवणं.

आधी पंप सोडून बाकी सगळं

स्टिअरिंग जड म्हटलं की सगळे पंपाकडे धावतात. मी पुढचा एक्सल जॅकवर घेतला, ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडली आणि चाकं हातानं फिरवली. किंगपिन (ज्यांच्याभोवती चाकं वळतात त्या खिळी) मोकळे होते, थ्रस्ट बेअरिंगला नुकतंच ग्रीस दिलेलं होतं. बॉक्समध्येही कुठं खरखर नव्हती. लिंक जोडून ट्रक धर्मकाट्यावर नेला. नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली तेव्हा ३,४०० किलो भरले. झांकीच्या रोषणाईसाठीचा जनरेटर केबिनच्या अगदी पाठीमागे बसवलेला आहे, त्याचं बरंच वजन पुढे येतं.

मग टायरची हवा पाहिली. ७० पाउंड. अण्णा म्हणाले, "झांकीवर पोरं बसलेली असतात रे. धक्के नकोत म्हणून मीच कमी ठेवतो." कारण प्रेमाचं होतं, पण उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड करणारं याहून मोठं कारण शोधूनही सापडायचं नाही. हवा ९५ वर नेली. स्टिअरिंग थोडं हलकं झालं. झटक्यानं फिरवल्यावर अडणं मात्र होतं तसंच राहिलं.

हा फरक नीट ओळखायला हवा. स्टिअरिंग सगळीकडे सारखं जड असेल तर प्रेशर कमी पडतंय. सावकाश फिरवताना हलकं आणि पटकन फिरवताना अडत असेल, तर तेल कमी पडतंय. बॉक्समधला पिस्टन पुढे सरकतोय, पण त्याच्या मागची जागा भरायला पंप पुरत नाही. अण्णांच्या ट्रकला दोन्ही रोग होते. दुसरा इतका ठळक होता की पहिला त्याच्यामागे लपला होता, आणि त्यानं मला पुढे एकदा फसवलं.

बादली आणि घड्याळ

तेल किती येतंय हे मोजायला आमच्याकडे महागडा फ्लो मीटर नाही. टाकीकडे परत येणारा पाइप सोडून मापाच्या डब्यात धरला, पुतण्याला वरून टाकीत तेल ओतत राहायला सांगितलं (टाकी रिकामी झाली तर पंप हवा ओढेल) आणि आयडलवर पंधरा सेकंद मोजले. डब्यात एक लिटर आलं. म्हणजे मिनिटाला ४ लिटर, तेही पंपावर काही भार नसताना. भाराखाली याहून कमी.

लागतं किती? बॉक्सचं सील किट तसंही बदलायचं होतं, म्हणून तो खोलला. पिस्टनचा व्यास ८० मिलिमीटर निघाला, म्हणजे क्षेत्रफळ ५०.३ चौरस सेंटिमीटर. स्टिअरिंगच्या एका फेऱ्यात पिस्टन १२.५ मिलिमीटर सरकतो. गुणाकार केला की एका फेऱ्याला सुमारे ६३ घन सेंटिमीटर तेल.

आता प्रश्न हा, की अण्णा स्टिअरिंग किती वेगानं फिरवतात? हे पुस्तकात मिळत नाही. अंगणात तेलाचे रिकामे ड्रम ठेवून गोराकुंडाच्या वळणाएवढी जागा आखली आणि अण्णांना म्हटलं, "इंजिन जरा चढवा आणि नेहमीसारखं कापा," म्हणजे स्टिअरिंग वळवा. जुन्या ड्रायव्हरचा हात; तीन सेकंदांत चार फेरे झाले. हिशोबाला मी सेकंदाला दीड फेरा धरला. म्हणजे मिनिटाला ९० फेरे गुणिले ६३, सुमारे ५.७ लिटर. बॉक्सच्या आतून दीडेक लिटर झिरपून जातं ते वेगळं. गोळाबेरीज ७.२, आणि तेल गरम झाल्यावर पातळ होतं म्हणून गाठायचं माप ८ लिटर. ५५० आरपीएमवर, गरम तेलात, भाराखाली ८ लिटर.

कारच्या पंपाचं विस्थापन, म्हणजे एका फेऱ्यात तो ढकलतो ते तेल, ९.६ घन सेंटिमीटर होतं. भाराखालची घसरण धरून ८ लिटरपर्यंत जायला तो आयडलला निदान हजार आरपीएमनं फिरायला हवा. तो प्रत्यक्षात किती फिरत होता, ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

पुलीचं माप बाहेरून घेऊ नये

जादा क्रँक पुलीचा बाहेरचा व्यास १५७ मिलिमीटर भरला, पंपाच्या पुलीचा १६५.५. आधीच्या गॅरेजनं हेच आकडे भागून गुणोत्तर काढलं असणार: ०.९५, म्हणजे पंपाला ५२० आरपीएम. पण पट्टा पुलीच्या काठावरून धावत नाही. त्याच्या पोटात जे दोरे असतात, त्यांच्या रेषेवर खरा व्यास मोजायचा. त्याला पिच व्यास म्हणतात. पट्टे आणि खाचा ए, बी अशा ठरलेल्या मापांत येतात. बी मापाच्या खाचेत ही रेषा काठापासून ३.५ मिलिमीटर आत असते, ए मापाच्या खाचेत २.७५. म्हणून क्रँक पुलीचा खरा व्यास १५०, पंपाच्या पुलीचा १६०.

इथवर फरक थोडाच आहे. घोळ पुढे आहे. क्रँक पुलीची खाच बी मापाची होती, पंपाच्या पुलीची ए मापाची, आणि दोन्हींवर चढवला होता एकच ए पट्टा. ए पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड. बी पट्टा १७ रुंद आणि ११ जाड. खाचेच्या दोन भिंतींमधला कोन ३४ अंशांचा. १३ मिलिमीटरचा पट्टा १७ च्या खाचेत टाकला तर तो भिंतींना टेकेपर्यंत साडेसहा मिलिमीटर खाली उतरतो, आणि तेवढ्यात त्याचा तळ खाचेच्या तळाला लागतो. तसाच लागला होता. खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत झालेला होता. टॉर्च मारून पाहिलं की दहा सेकंदांत कळतं.

याचे परिणाम दोन. एक, पट्टा खोल बसल्यामुळे क्रँक पुलीचा व्यास १५० चा १३८ झाला. पंपाला मिळाले ५५० गुणिले १३८ भागिले १६०, जेमतेम ४७५ आरपीएम. दोन, व्ही पट्ट्याची सगळी पकड भिंतींमध्ये पाचरीसारखं रुतण्यात असते. ३४ अंशांच्या खाचेत ही पाचर पकड तिपटीहून जास्त वाढवते. पट्टा तळावर टेकला की पाचर संपली, उरला सपाट पट्टा. चिरचिर त्याचीच होती. पट्टा कितीही ताणला तरी ती जात नाही. ताणून फक्त बेअरिंग जातात.

४७५ गुणिले ९.६ म्हणजे साडेचार लिटर, त्यातून घसरण वजा. डब्यातल्या एका लिटरचा हिशोब लागला.

माझी चूक

इतकं कळल्यावर मला वाटलं, तेलाचाच प्रश्न आहे ना, मग पंपावर लहान पुली घालू. खराद करणाऱ्या उस्तादांकडून ९५ मिलिमीटर पिच व्यासाची पुली करून घेतली आणि बदलली. आयडलला पंप आठशे आरपीएमनं फिरू लागला, डब्यात पंधरा सेकंदांत पावणेदोन लिटर आलं. झटक्यानं फिरवल्यावर अडणं जवळपास गेलं. अण्णा खूश झाले. मीही झालो.

दुसऱ्या दिवशी पोरं-मखर-जनरेटर सगळा भार चढवल्यासारखी वाळूची पोती भरून ट्रक अंगणात उभा केला आणि जागच्या जागी स्टिअरिंग कापायला सांगितलं. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला स्टिअरिंग थांबलं. प्रेशर गेज लावून पाहिलं तर काटा ७८ बारवर (बार हे दाबाचं माप) अडकला होता. त्या पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह ८० बारचा. अण्णांनी खांदा दुसऱ्या हातानं दाबून धरला होता, ते बोलले काही नाहीत. मला फार वाईट वाटलं. जो हिशोब पहिल्या दिवशी करायचा, तो मी आता करायला बसलो.

उभ्या गाडीचं चाक जागच्या जागी वळवायला किती पीळ लागतो, यासाठी अनुभवातून आलेलं एक सूत्र आहे. चाकावरच्या भाराचा घन घ्यायचा, टायरमधल्या हवेच्या दाबानं भागायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि घर्षणांकाच्या तिसऱ्या हिश्श्यानं गुणायचं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरतात. एका चाकावर १,७०० किलो, हवा ९५ पाउंड; उत्तर येतं चाकामागे ६२० न्यूटन-मीटर, दोन्हींचं १,२४०. मधल्या जोडण्यांमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असं धरलं तर बॉक्सनं सुमारे १,५५० न्यूटन-मीटर द्यायला हवेत. या बॉक्सचा सेक्टर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दात्यांचा तुकडा, ४० मिलिमीटर त्रिज्येचा, म्हणजे एका बारमागे २० न्यूटन-मीटर. भागाकार ७७ बार. हवा ७० पाउंड असती तर हाच आकडा ९० वर गेला असता.

७७ बार लागणार आणि रिलीफ ८० ला उघडणार. त्यात वळणाच्या टोकाला स्टिअरिंग आर्मचा कोन बिघडतो आणि पीळ आणखी वाढतो. कारच्या पंपाचा यात दोष नाही. कारच्या हलक्या पुढच्या भागासाठी तो बनवला आहे आणि तिथं तो पुरतो. त्याच्या व्हॉल्व्हखाली वॉशर घालणं म्हणजे त्याचं घर, त्याचं सील आणि त्याचा पाइप, सगळ्यांना त्यांच्या ताकदीबाहेर ढकलणं. ते एकदा होऊन गेलंच होतं.

पंप निवडताना

ट्रकचा व्हेन पंप (पात्यांनी तेल ढकलणारा) शोधायला लोहामंडीत दोन दिवस घालवले. पहिला मिळाला तो दिसायला देखणा होता, पण घेतला नाही. कारणं दोन, आणि दोन्ही सहज निसटण्यासारखी आहेत.

पहिलं, त्याच्या अंगावरचा बाण डावीकडचा होता. आपलं इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं, पट्ट्यानं जोडलेला पंपही त्याच दिशेनं. टायमिंग गियरवरून चालणारे काही पंप उलट दिशेचे असतात. व्हेन पंप उलटा फिरवला तर तेल देत नाही, आणि कोरडा फिरून पाच मिनिटांत खराब होतो. दुसरं, तो कपलिंगनं चालणारा होता. अशा पंपाच्या शाफ्टला फक्त पीळ सहन करायचा असतो, म्हणून पुढे साधं बुश असतं. पट्टा त्याच शाफ्टला रात्रभर बाजूनं ओढत राहणार. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाला पुढच्या तोंडाशी बॉल बेअरिंग असतं. ते आहे की नाही हे शाफ्ट धरून आडवा हलवला तरी समजतं.

शेवटी पट्ट्यावर चालणारा, दुरुस्त करून तपासलेला ट्रकचा पंप घेतला. फेऱ्याला १६ घन सेंटिमीटर, आतला फ्लो व्हॉल्व्ह (जास्तीचं तेल आतल्या आत वळवणारी झडप) १२ लिटरला, रिलीफ १२० बारला, चाल ५०० ते ३,५०० आरपीएम, बाण उजवा. शाफ्ट निमुळता, अर्धचंद्र चावी आणि नट. मला ही रचना फार आवडते. काही पंपांची पुली दाबून बसवलेली असते आणि तिला स्क्रूचा पुलर लागतो. घाईत हातोडा मारला की शाफ्ट मागे सरकून आतल्या रोटरची बाजू खरवडते. कारच्या त्या जुन्या पंपाच्या पुलीवर हातोड्याचे व्रण स्पष्ट दिसत होते.

आता पुली. भाराखाली पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ८ लिटरसाठी आयडलला ५९० आरपीएम हवेत. ५५० चे ५९० करायचे म्हणजे १५० च्या क्रँक पुलीसमोर १४० ची. थोडी सवड ठेवून १३५ ठरवली. आयडलला ६११ आरपीएम, ८.३ लिटर. दुसरं टोकही पाहिलं: २,८०० ला पंप ३,१११ वर जातो, ३,५०० च्या आत. ९५ ची पुली तयार होती, पुतण्यानं विचारलं, "काका, हीच लावली तर आयडलला आणखी तेल नाही का मिळणार?" मिळेल. पण वर ४,४०० आरपीएम होतील, पंप ओढेल तेवढ्या वेगानं तेल आत येणार नाही, फेस होईल. आणि १२ लिटरच्या वरचं सगळं तेल फ्लो व्हॉल्व्हमधून आतल्या आत फिरून नुसतं तापेल.

भार पुरेल का, हेही पाहिलं. १२० बारला या पंपाला ३४ न्यूटन-मीटर पीळ लागतो, १३५ च्या पुलीवर पट्ट्याची ओढ सुमारे ५०० न्यूटन. एका बी पट्ट्याला हे सोपं आहे, अट एवढीच की दोन्ही खाचा बीच्या हव्यात. दोन पुल्यांच्या मध्यांमधलं अंतर ३३० मिलिमीटर. लांबीचा हिशोब पिच रेषेवर १,१०८ आला आणि बाजारातला बी-४२ पट्टा १,११० चा निघाला. असं बरोबर जुळून आलं की आनंद होतो.

एका रेषेत

पंपापेक्षा जास्त वेळ इथं गेला. आधीच्या जुळणीत दोन खाचा एकमेकींपासून ६ मिलिमीटर मागेपुढे होत्या. ३३० च्या अंतरावर हा एक अंशाचा तिरपेपणा. अर्ध्या अंशाच्या आत असावा असा नियम आहे. मी एक मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय बोल्ट कसत नाही.

पुली म्हणजे नुसता व्यास असं धरल्यानं ही चूक होते. तिची खाच हबपासून किती पुढे किंवा मागे आहे, हे मापही तितकंच महत्त्वाचं. अमेरिकेत जुन्या शेवरोले ट्रकांची ३५० क्यूबिक इंची व्ही-एट इंजिनं नव्यानं बांधणारे यात नेहमी अडकतात. त्या इंजिनाला आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे वॉटर पंप आले. दोन्ही त्याच ब्लॉकवर बसतात, पण दोघांच्या तोंडांत सव्वा इंचाहून जास्त फरक आहे. आखूड पंपाच्या काळातली क्रँक पुली आणि लांब पंपाच्या काळातली स्टिअरिंग पंपाची पुली एकत्र केली की व्यास जुळतात, खाचा जुळत नाहीत. तिथं तर पंपाचा प्रेशर पाइपसुद्धा वेगळा: जुन्याला ५/८ इंची फ्लेअर, नंतरच्याला १६ मिलिमीटरचा ओ-रिंगवाला. दिसायला भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही.

आमच्याकडे उस्तादांनी १३५ ची पुली बिडाच्या गोळ्यातून घडवली. खाच ३४ अंशांची, बाहेरचा व्यास १४२. हबची लांबी आधी ठरवली नाही. पंप ब्रॅकेटवर बसवला, क्रँक पुलीच्या तोंडावर लांब सरळपट्टी टेकवली, पंपाच्या शाफ्टपर्यंतचं अंतर व्हर्निअरनं तीनदा मोजलं आणि मग तेवढा हब कापला. बसवल्यावर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला.

क्रँकवरच्या जादा पुलीला डायल गेज लावलं, तर ती ०.९ मिलिमीटर डगमगत होती. तिचं केंद्र केवळ चार बोल्टांवर सोडलेलं होतं, आणि बोल्टाच्या भोकात नेहमी थोडी ढिलाई असतेच. उस्तादांनी तिच्या मागच्या बाजूला कडं कापून मूळ पुलीच्या खोबणीत घट्ट बसेल असा खांदा काढला. डगमग ०.१ वर आली. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो चालवणाऱ्या मूळ पुलीला आम्ही हात लावला नाही.

पाइप, टाकी यांबद्दल थोडक्यात. टाकी पंपापेक्षा उंच, ओढणारा पाइप आखूड आणि जाड, परतीचं तोंड तेलाच्या पातळीखाली. प्रेशरचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवून घेतला. सगळं जुनं तेल काढून एकाच प्रकारचं नवं एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते तेल) भरलं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, तेव्हा टाकीतले बुडबुडे थांबले. मगच इंजिन चालू केलं.

मोजमाप आणि ती रात्र

डब्यात पंधरा सेकंदांत २.३ लिटर आलं. गेजवर ११८ बार. स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, हे अण्णांना दोनदा बजावलं, कारण त्या स्थितीत सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. स्टिअरिंगच्या कडेला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढलं. भरलेला ट्रक, जागच्या जागी, आयडलवर. आधी काटा २० किलोच्या पुढे जायचा आणि तरी अडायचं. आता ३ किलो. टोकाला इंजिनचे आरपीएम ५५० वरून ५२० पर्यंत उतरतात आणि सावरतात. पट्टा अंगठ्याखाली ५ मिलिमीटर दबतो, आवाज नाही.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबर २०२५ ला होती. मी आणि पुतण्या मडगार्डच्या बाजूनं चालत होतो. बरोबर थर्मामीटर, एक जादा बी-४२ पट्टा आणि दोन लिटर तेल. मध्यरात्रीनंतर नृसिंह बाजारच्या वळणावर पुढची झांकी अडकली आणि अण्णांना तिथल्या तिथे, एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला गर्दी, चार वेळा पुढेमागे घ्यावं लागलं. मी बॉनेटला कान लावून होतो. चिरचिर नव्हती. अण्णांचा उजवा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला होता, फिरवत डावाच होता.

राजवाड्याशी पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं. टाकीतलं तेल ७४ अंश सेल्सिअस. जादा पट्टा पिशवीतच राहिला.

दिवाळीनंतर तपासणीला ट्रक आला. नवा पट्टा थोडा ताणला जातोच. अंगठ्याखाली ८ मिलिमीटर दबत होता, तो परत ५ वर आणला. क्रँक पुलीच्या खाचेत टॉर्च मारून पाहिला. तळ काळाच होता, भिंती चमकत होत्या. पुढच्या टायरांत हवा ९५ पाउंड होती.